लालासाबचं तांबडं कुंपण

लालासाब मुजावर छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला बसला की चूक व्हायची बिशाद नाही, असं लक्ष्मीपुरीतल्या त्या छापखान्यात सगळे म्हणत. सगळ्यांत मोठ्यानं तो स्वतःच म्हणे. मलकापूरहून आलेला चौथी पास माणूस, पण एकतीस वर्षांत हाताखाली वीसेक कंपोझिटर तयार केलेले. चौऱ्याहत्तर साली मात्र बारीक खिळे त्याला दिसेनासे झाले. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. नजर पुरती जायच्या आत डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं ठरवलं आणि टपोऱ्या अक्षरात ‘नव्या कंपोझिटरला सूचना’ हे सोळा पानी पुस्तक लिहून काढलं.

मालक गणपतरावांनी छापायचं कबूल केलं, पण अट घालून. “तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची झुंबड. तवर झालं तर झालं, न्हाईतर जुळवलेले खिळे सोडून पत्रिकांना घ्यायचे.”

पहिलं प्रूफ निघालं, तर सोळा पानांची अकरा! पुस्तकात उदाहरणं होती. लेखकानं ‘हा शब्द काढा’ लिहिलं तर काय करावं, ‘येथे नवी ओळ’ लिहिलं तर काय. ज्ञानू आणि चिमणाबाई या दोघा कंपोझिटरांनी ती उदाहरणं छापली नाहीत, पाळली. शब्द काढले, ओळी मोडल्या. ज्ञानू तर शाबासकीची वाट बघत उभा होता.

गणपतराव पोट धरधरून हसले.

“हसताय काय, मालक?” लालासाब म्हणाला. “हुकूम कुठला आन् मजकूर कुठला, हे मीच सांगितलं न्हाई. चूक माझी हाय.” उभ्या जन्मात पहिल्यांदा चूक कबूल केली, तीही छाती काढून.

मग त्यानं हस्तलिखितावर तांबडी पेन्सिल चालवली. प्रत्येक उदाहरणाच्या आधी एक उभी रेघ, नंतर एक. “ह्या कुंपणात डोकं चालवायचं न्हाई. दिसंल तसं जुळवायचं.”

“चष्मा घरी राहिलाय,” म्हणत दुसरं प्रूफ त्यानं चिमणाबाईकडून वाचून घेतलं. पंधरा पानं चोख. शेवटच्या पानावरच्या मोकळ्या जागेत मात्र त्यानं आता कुंपण कसं घालायचं तेच नव्यानं लिहिलं होतं, आणि नमुन्यातही रेघा होत्या. आतली पहिली रेघ दिसताच कुंपण संपलं असं चिमणाबाईनं धरलं, आणि पुढची सूचना पुन्हा पाळून टाकली.

तुळशीच्या लग्नाला दोन दिवस उरले होते. ज्ञानू म्हणाला, “चाचा, आतल्या रेघंम्होरं फुली मारू या. म्हंजी ती कुंपणाची न्हवं, हे कळंल.”

“आन् आत फुलीच आली तर? फुलीला फुली मारत बसतोस व्हय? मजकुराला हात लावायचा न्हाई.” लालासाबनं क्षणभर विचार केला. “आत एक रेघ आसंल तर भाईर दोन. आत दोन, तर भाईर तीन. जेवढ्यांनी उघडलं, तेवढ्यांनीच मिटायचं.”

चिमणाबाईनं ते पान जुळवून दिलं. लालासाब म्हणाला, “प्रूफ नको. छापा.”

“डोकं ठिकाणावर हाय न्हवं?” गणपतराव ओरडले. प्रूफाशिवाय लालासाबनं आजवर एक ओळ सोडली नव्हती. पण तो ढिम्म. अखेर यंत्र सुरू झालं. पहिला कागद गणपतरावांनी स्वतः उचलला आणि चूक सापडलीच पाहिजे अशा जोरात वाचायला घेतला. शेवटाला आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

“एक रेघ हललेली न्हाई, लालासाब. पण प्रूफ न बघता कसं रं सोडलंस?”

“बघून काय करू? गुढीपाडव्यापासनं मला खिळा दिसत न्हाई, मालक.”

यंत्र थांबलं. चिमणाबाईनं पदर डोळ्यांना लावला. लालासाबला तिचा हुंदका ऐकू आला आणि तो खवळलाच.

“रडताय कशाला? माझ्या डोळ्यांवाचून बिनचूक छापलंत की न्हाई?”