सरड्याची माफी

"माफ कर रं गड्या, एकच थेंब घेते."

आमच्या बाई हात जोडून हे म्हणायच्या, आणि समोर असायचा सरडा.

तुम्ही हसाल. मीही हसायचो. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची ही लेक, मुंगीलासुद्धा वळसा घालून जाणारी. आणि वाट्याला आलं सरड्याच्या जीनोमचं काम. मेढ्याच्या वरच्या पठारावर उन्हाळ्यात गळ्याचा निळा पंखा फुलवून मिरवणारा तो सरडा. हा रुबाब त्याच्यात कसा आला, ते त्याचा सगळा डीएनए वाचून शोधायचं होतं. मी बाईंचा प्रयोगशाळेतला मदतनीस, म्हणजे सरडा धरणारा.

पुण्याच्या मोठ्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं, "सरडा मारा, यकृत काढा. डीएनए तुटका आला, तर काम दुसऱ्याला देईन."

"रक्ताच्या थेंबात भागतंय," बाई म्हणाल्या. "न्हाई भागलं तर द्या दुसऱ्याला. गड्याला मी मारणार न्हाई."

पठारावर बांबूच्या टोकाला दोऱ्याचा फास लावून मी अर्धा दिवस धावलो. सरडा दगडावर, मी काट्यात.

"आवं बाई, माझीबी माफी मागा की!"

"तुला कुठं शेपूट हाय?"

अखेर गडी सापडला. बाईंनी शेपटीच्या शिरेतून थेंब घेतला आणि त्याला त्याच्याच काळ्या दगडावर नेऊन सोडलं.

येताना कडेगावात दिवेलागणीला डब्यातला बर्फ संपत आला. थेंब तापला की सगळं मुसळ केरात. बाई तडक रसवंतीत शिरल्या.

"दादा, बर्फ द्या. रक्त हाय."

"कुणाचं?"

"सरड्याचं."

त्यानं बर्फ दिला आणि आमच्यासाठी भरलेले रसाचे ग्लास मागे ओढले. माझा घसा कोरडाच राहिला. बाईंना काय, दिवस मावळल्यावर त्या तसंही काही घेत नसत.

डीएनए लांबच लांब, अखंड निघाला. ते कळलं तेव्हा बाई खुर्चीत बसून चक्क रडल्या.

मग साहेबांचं नवीनच. ज्याचा जीनोम वाचला त्याचा देह कुठल्या बरणीत ठेवलाय, ते शोधनिबंधात लिहावं लागतं म्हणे. बाईंनी लिहून टाकलं : मेढ्यावरचं पठार, काळा दगड, उगवतीची बाजू. साहेबांनी डोक्याला हात लावला.

गेल्या थंडीत बाई गेल्या. प्रयोगशाळेत लावायला फोटो शोधला, तर एकातही चेहरा धड नाही. सगळीकडे दगडापुढे उकिडव्या बसलेल्या, तोंड उन्हाच्या टोपीआड, हात जोडलेले. त्यातलाच एक लावला. मला त्यांची फार आठवण येते, उन्हाळ्यात जास्तच.

पाहुणे फोटोपाशी थांबतात. "कुठल्या देवाला नमस्कार करतायत?"

मी म्हणतो, "नीट बघा. दगडावर बसलाय, गळा फुगवून."