सासरे हयात असताना काढलेली मिशी

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. थोरलीचं लग्न जमत आलं आणि आमच्या मालकांच्या मिशीला चाई लागली. डाव्या बाजूला रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली, बाकी मिशी जशीच्या तशी. आमच्या गावात चाई म्हणजे केस खाणारा किडा. न्हाव्याने कांदा चोळायला सांगितला. मालकांनी इतका चोळला की धार काढताना म्हैस तोंड फिरवायला लागली. केस काही आला नाही.

शेवटी नगरच्या डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, किडाबिडा काही नाही. आजाराशी लढणारी अंगातली ताकदच चुकून केसांच्या मुळांवर उठते. दुसऱ्याला लागत नाही. केस येतीलही, पण कधी ते सांगता येत नाही. घरी येऊन सांगितलं तर सासरे म्हणाले, "म्हंजी राखणदारानंच पीक खाल्लं."

गुरुवारी तिसगावचे पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. अर्धी मिशी बघून घराण्यात रोग आहे म्हणाले असते आणि उठून गेले असते. मी मालकांना म्हटलं, उरलेलीही काढा. पण आमच्यात बाप गेल्यावरच मुलगा मिशी काढतो, आणि सासरे चांगले धडधाकट.

"आदी मला मरू द्या," ते म्हणाले.

"सावकाश मरा मामा, पन पाहुनं गुरुवारी येत्यात," मी म्हटलं.

ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. पण बुधवारी स्वतःच न्हाव्याला घेऊन आले आणि समोर बसून मुलाची मिशी उतरवून घेतली.

पाहुणे आले. मालकांचा बोडका ओठ बघताच नवऱ्या मुलाच्या वडिलांनी टोपी काढली, आवाज खाली आणला आणि म्हातारबाबा कधी गेले म्हणून विचारलं. सासरे कोपऱ्यात पान चघळत बसले होते.

"अजून जायचोय," ते म्हणाले. "सुपारी फुटल्यावर बगू."

कोणी हसलं नाही. बाप जिता असताना मिशी का काढली, हे त्यांना कळेना. मग मीच चाईचं सांगून टाकलं, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. मालकांनी मान खाली घातली. मुलाची आई थोरलीला निरखून बघत राहिली.

"पोरीला मिशा हाईत का?" तिने विचारलं.

"न्हाईत."

"मंग चाई खाईल काय?"

सासऱ्यांनी लगेच अडकित्ता मागितला. बाई आणखी विचार करत बसेल, याची त्यांना धास्ती होती.