आमच्या फराळाच्या दुकानाला लागलेली नजर

घरामागच्या बोअरला पाणी लागलं तर पाच वर्षं वांगं तोंडात घालणार नाही, असा नवस मी एकदा राजूरच्या गणपतीला बोलले होते. पाणी लागलं. मग पाच वर्षं मी वांग्याकडे बघितलंसुद्धा नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई वांग्याच्या रश्शात पोळी कुस्करून खायची आणि मी पापडाशी भात. सांगायचं कारण एवढंच, की मी नवस बोलते आणि पाळते. त्याबद्दल तुम्ही शंका घेऊ नका. शंका घ्यायचं काम मागच्या वर्षी मी एकटीने इतकं मन लावून केलंय, की आता दुसऱ्या कुणाला उरलेलंच नाही.

बसा, चहा घ्या, सांगते. फक्त शकूबाईसमोर हा विषय काढू नका. ती शेजारीण आहे, तिला सगळं ऐकू जातं, आणि सांगताना ती माझ्यापेक्षा जास्त तिखट घालते.

आमचं घर राजूरला, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. चतुर्थीला दर्शनाला येणारी माणसं आमच्या ओट्यासमोरूनच जातात. त्या ओट्यावर टेबल मांडून मी कित्येक वर्षं उपवासाचा फराळ विकत आले. राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा चिवडा. घोळ एकच होता. किती करायचं ते कळायचं नाही. एका चतुर्थीला नऊ वाजताच सगळं संपायचं आणि माणसं परत जायची. पुढच्या चतुर्थीला म्हणून दुप्पट करावं, तर निम्मं उरायचं. आमचे हे म्हणायचे, "चतुर्थी लोकायची, आन् उपवास आपल्याला आठ दिवस."

मुलगा नोकरीला बाहेरगावी असतो आणि सून अश्विनी गावातल्याच शाळेत शिकवते. मला आत्या म्हणते. तिने एक दिवस घरातला मोबाईल पुढे केला.

"आत्या, छोट्या दुकानदारांसाठी हे ॲप हाय. लोक आधीच सांगतील काय पाहिजे ते. आपण तेवढंच करायचं. दर्शन करून जाताना डबा घेऊन जातील."

"माणूस बघितल्याशिवाय कोण खायचं मागवतं गं?"

"फोटो बघून मागवतात."

"आन् त्यायनी आपला फोटो बघितला, तर आपल्याला त्यायचा का नको?"

तिने हसत ॲप घेऊनच टाकलं. म्हणजे बघा, माझा संशय पहिल्या दिवसापासूनचा. आपलं नाव, आपला ओटा, आपले लाडू, हे सगळं त्या डबीत शिरून कुठे जातं? कोण बघतं? ते 'टिंग' वाजलं की मी स्वयंपाकघरातून यांना हाक मारायची. स्वतः हात लावायची नाही.

पण खोटं कशाला बोलू, ऑर्डरी येत होत्या. मागितलं तेवढंच करायचं, उरत काही नव्हतं. टेबल आत घेतलं. एका जालन्याच्या बाईने तर लाडवाखाली लिहिलं, 'घरची आठवण आली.' ते अश्विनीने मला दोनदा वाचून दाखवलं. वर मोठ्या अक्षरांत होतं, 'सुमनबाईंचा फराळ'. रेशनकार्डाच्या बाहेर माझं नाव मी पहिल्यांदाच बघितलं.

तेव्हा मी गणपतीला म्हटलं, "देवा, हे खरं असंल तर एका दिवसात दहा ऑर्डरी दाखव. दाखवल्यास तर या मोबाईलची एकवीस दिवस पूजा करीन."

आपल्याकडे तराजूची होते, जात्याची होते, ट्रॅक्टरची होते, मग मोबाईलने काय पाप केलं? आणि देवाने रविवारी चार वाजायच्या आत दहा दाखवल्या.

सोमवारपासून पूजा सुरू. पहाटे आंघोळ करून, सहाच्या सुमाराला, मोबाईल देवघरात पाटावर ठेवायचा. झोपलेल्या मोबाईलची पूजा कशी करणार? म्हणून त्याला जागं कसं करायचं तेवढं अश्विनीकडून शिकून घेतलं. जागा झाला की समोर आपलंच दुकान दिसायचं, आणि वर मधोमध, अगदी कपाळाच्या जागी, एक हिरवी गोल टिकली. मला वाटलं, कंपनीवाले धार्मिक दिसतात. कुंकवाला जागा सोडलीय.

पूजेला मी चष्मा काढून ठेवते. तर चष्मा काढून, त्या टिकलीवर कुंकवाचं बोट टेकवायचं, अक्षता वाहायच्या, डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणायचं. डोळे उघडेपर्यंत मोबाईल पुन्हा झोपलेला असायचा. मग त्याला पुसून चार्जिंगला लावायचा. शुक्रवारी देवीचा वार, म्हणून आधी हळद, मग कुंकू.

आणि सोमवारीच 'टिंग' बंद झालं.

सोमवार कोरडा. मंगळवार कोरडा. बुधवार, गुरुवार, काही नाही. शुक्रवारी एकदम सात ऑर्डरी. मला भरून आलं, देवी पावली म्हणून. शनिवारी पुन्हा सामसूम.

"रेंज नसंल," हे म्हणाले. मी मोबाईल सुपात घालून गच्चीवर ठेवला, वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी. कावळा येऊन बघून गेला, ऑर्डर काही आली नाही.

मग मी विचार करायला बसले. मी विचार करायला बसले की घरातली माणसं उठून जातात.

रविवारी, दहा ऑर्डरी आल्या त्याच संध्याकाळी, शकूबाई आमच्याकडे आली होती. तिचं हार-नारळाचं दुकान, भिंतीला भिंत लागून. "दाखवा बरं तुमचं ते ॲप," म्हणाली. मोबाईल हातात घेतला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही. वर म्हणाली, "बाई, भारी चालू राह्यलं तुमचं." आणि नुकतंच तिनेही साबुदाण्याची खिचडी ठेवायला सुरुवात केलेली. आता तुम्हीच सांगा, यात काय उरलं?

मी मीठ-मोहऱ्या घेऊन मोबाईलवरून उतरवल्या. चुलीत टाकल्या तर तडतडल्या. मोहऱ्या तडतडणारच, हे मला त्या वेळी आठवलं नाही. शकूबाईला मी वाईट एक शब्द बोलले नाही हो. फक्त आमच्या झाडाचा कढीपत्ता देणं बंद केलं.

"आत्या, तुम्ही कुठं काही दाबलं तर न्हाई?" अश्विनीने विचारलं.

"मी? मी तर त्याला हात बी लावत न्हाई. फक्त पूजा करते."

सोमवारी संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या अंगारकी हाय. उद्या बी काही आलं न्हाई, तर हे बंदच करून टाकू. मी उगाच तुमच्या मागं लागले. तुमच्या जिवाला घोर नको."

बंद करून टाकू. मला ते 'घरची आठवण आली' आठवलं. अंगारकीला निम्मा जिल्हा राजूरला येतो. मी म्हटलं, देव एवढा कठोर नाही. ऑर्डर एकही नसताना चाळीस डबे करून ठेवले. ओट्यावर टेबल मांडणं म्हणजे देवावर अविश्वास, म्हणून तेही मांडलं नाही. आणि सकाळी पूजेत, मोठा दिवस म्हणून, बोट जरा जास्तच जोराने टेकवलं. घाईत पुसायचंही राहिलं.

नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. चाळीस डबे माझ्याकडे बघतायत आणि मी त्यांच्याकडे. बाहेर बघते तर शकूबाईच्या दुकानापुढे ही गर्दी. माणसं मोबाईल काढतायत, तिला दाखवतायत, आमच्या दाराकडे बोट करतायत. माझं डोकंच फिरलं. पदर खोचला आणि गेले.

"काय चालू राह्यलं शकूबाई? माझ्या दाराकडं बोटं कशाला?"

"आलात का? म्या आवाजच देणार होते." तिने हातातला हार खाली ठेवला. "ह्या लोकायनी डोकं खाल्लं माझं. सुमनबाईंचं दुकान बंद का, सुमनबाईंचं दुकान बंद का. म्या म्हणते, बाई घरातच हाय, जा, आवाज द्या. तर म्हणतात, मोबाईलवर बंद दाखवू राह्यलं. तुमी बंद केलं आन् मला सांगितलं बी न्हाई. तसं बी आठ दिवस झाले, तुमी बोलतच न्हाई माझ्याशी. कढीपत्त्याचं तर जाऊच द्या."

एका जालन्याच्या पाहुणीने मोबाईल माझ्यासमोर धरला. 'सुमनबाईंचा फराळ', आणि खाली लाल अक्षरांत, 'आज दुकान बंद आहे'.

आता शकूबाई तर सुटली. मग कोण राहिलं? दुकान उघडायचं, बंद करायचं कसं ते घरात एकाच माणसाला येतं. अश्विनीला. काल हीच म्हणाली होती ना, बंद करून टाकू म्हणून?

अश्विनी मधल्या सुट्टीत घरी आली. मागून शकूबाईही आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी मोबाईल अश्विनीच्या हातात दिला आणि म्हटलं, "खरं सांग बेटा. मी रागावणार न्हाई. तुला माझा हा व्याप नकोसा झालाय का? तूच बंद करतीस ना?"

लेकराचा चेहरा एवढासा झाला. पण ती मास्तरीण आहे, रडण्याआधी वही तपासते. तिने मोबाईलमध्ये काही तरी उघडलं आणि वाचत गेली.

"आत्या, याच्यात सगळी नोंद राहते. पहाटे पाचला दुकान आपोआप उघडतं, मीच तसं करून ठेवलंय. आन् रोज सहा वाजून दहा-बारा मिनिटांनी कोणी तरी बंद करतंय. शुक्रवारी बंद केलं आन् लगेच पुन्हा सुरू केलं."

"बघ," मी म्हटलं, "चोर बराबर वेळ साधतो. सहा वाजता तू स्वयंपाकघरात, हे बाहेर फिरायला, आन् मी तर तेव्हा देवापुढं मोबाईलला..."

वाक्य तिथेच राहिलं. हातसुद्धा हवेत तसाच राहिला, कुंकवाचं बोट दाखवायच्या बेतात.

"सुमनबाई," शकूबाई म्हणाली, "ते बोट जरा इकडं करा बरं."

अश्विनीने मोबाईल जागा केला. वर मधोमध सकाळचं कुंकू वाळून बसलं होतं. तिने ते ओढणीने पुसलं. खालची टिकली लाल.

"ही हिरवी असते, आत्या. हेच दुकानाचं बटण हाय. एकदा बोट टेकवलं की बंद, दुसऱ्यांदा टेकवलं की सुरू."

म्हणजे शुक्रवारी मी हळदीने दुकान बंद करत होते आणि कुंकवाने उघडत होते. बाकीचे दिवस नुसतं कुंकू. रोज आंघोळ करून, सोवळ्यात, अथर्वशीर्ष म्हणून मी माझंच दुकान बंद करत होते.

यांनी इतका वेळ पेपरात डोकं घातलं होतं. ते वर न काढता म्हणाले, "मोहऱ्या वाया गेल्या."

अश्विनीने टिकली हिरवी केली. घोटभर पाणी पिऊन होत नाही तोच 'टिंग'. मग टिंग-टिंग-टिंग. शकूबाईच्या दारातली निम्मी गर्दी आमच्या ओट्यावर आली, आणि शकूबाईच मागे येऊन डबे पिशव्यांत भरू लागली. तीन वाजेपर्यंत चाळीसही गेले. दुसऱ्या दिवशी मी कढीपत्त्याची अख्खी फांदी तिच्या दारात नेऊन ठेवली. अश्विनीची माफी मागितली तर ती म्हणाली, "आत्या, नवसाचे बारा दिवस उरले. आता कुंकू मोबाईलच्या पाठीला लावा."

लावलं. बारा दिवस न चुकता, पाठीला, वरच्या बाजूला. नंतर अश्विनीने नवीन लाडवांचा फोटो काढला, तर सगळे लाडू लालभडक. ती लाडू निरखून बघू लागली, रंग कसला म्हणून. आम्हाला राजगिरा देणाऱ्या दुकानदाराचं नाव माझ्या ओठांवर येऊन थांबलं होतं. पण मी जीभ आवरली, बोटाकडे बघितलं, आणि पदराने गुपचूप मोबाईलच्या पाठीवरचा कॅमेरा पुसला.

त्या दिवशी मी नवा नवस बोलले. कुणाचा संशय आला, की नाव घ्यायच्या आधी स्वतःचं बोट बघायचं. आजवर मोडलेला नाही. घरच्या घरी काही करून विकत असाल तर तुम्हीही ते ॲप घ्या, खरंच उपयोगाचं आहे. पण त्याआधी माझ्यासारखा हा नवस बोला. आणि बोललात, की शकूबाईच्या घरावरून जाताना तिलाही बोलायला सांगा. फक्त कॅमेऱ्याचं तेवढं तिला सांगू नका.