उनोला वळण लावताना

व्हर्ना कोस्केलाने एकतीस हिवाळे सरकारी ट्रकने रस्त्यांवरचा बर्फ हटवला. मिशिगनच्या त्या वरच्या टोकाला सरोवरावरून वारा सुटला की कमरेएवढा बर्फ साचतो, आणि शाळेच्या बस निघायच्या आत रस्ते मोकळे लागतात. त्या नोकरीत तिची कंबर गेली आणि आवाज चढला. इंजिनच्या वरताण ओरडून बोलायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही.

जानेवारीत ग्रीन बे शहरातून तिची भाची आली आणि यॉर्कशायर टेरियरचं दहा आठवड्यांचं पिल्लू ठेवून गेली. भाचीच्या नव्या घरमालकाला कुत्री चालत नव्हती. पिल्लू जेमतेम किलोभर. व्हर्नाने त्याचं नाव ठेवलं उनो.

शेजारचा ऑर्विल बघायला आला. "अगं, हा कुत्रा आहे की केसाळ उंदीर?"

"तुझ्यापेक्षा लवकर शिकेल तो," व्हर्ना म्हणाली.

पण पहिला आठवडा वाईटच गेला. बाहेर ठेवलं की उनो कानापर्यंत बर्फात बुडे, थरथर कापे, आणि घरात आल्या आल्या सतरंजीवर मोकळा होई. व्हर्नाने फावडं काढलं. पायरीपासून पाइनच्या झाडापर्यंत तिने एक अरुंद वाट खणली आणि शेवटी पाटाएवढी जागा गवत दिसेपर्यंत खरवडली. उनो झोपून उठला की, खाऊन झालं की, एरवी दर दोन तासांनी ती त्याला तिथे नेऊ लागली. काम झालं की तिथल्या तिथे उकडलेल्या कोंबडीचा दाण्याएवढा तुकडा.

चार दिवस नीट गेले. पाचव्या दिवशी ती फोनवर बोलत बसली, वेळ टळली आणि उनोने तिच्या सपातेतच उरकलं.

"उनो!" ती ओरडली, ट्रकमधून ओरडायची तशी. पिल्लू फ्रिजमागे शिरलं ते बाहेरच येईना.

तिने हळू हाक मारून पाहिली. पण तिची हळू हाकही हाळीसारखीच. तासाभराने ती स्वयंपाकघरात जमिनीवर आडवी झाली, तळहातावर कोंबडी ठेवली आणि गप्प पडून राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती. एवढ्याशा जिवावर केवढ्याने ओरडलो आपण! बऱ्याच वेळाने एक ओलं नाक तिच्या बोटांना लागलं.

आता तिलाच उठता येईना. कंबर धरली होती. दुपारी ऑर्विल वर्तमानपत्र परत करायला आला तेव्हा ती तशीच पडलेली, आणि पोटावर उनो झोपलेला.

"काय गं, मेलीस की काय?"

"हळू बोल," ती कुजबुजली. "घाबरतो तो."

ऑर्विल बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या शेजारात त्याने तिला कुजबुजताना कधी ऐकलं नव्हतं. त्याने तिला काखेत हात घालून उठवलं, आणि दुसऱ्या दिवशी लांब दांड्याचा लाकडी चमचा आणून दिला. "याच्या टोकाला पीनट बटर लाव. वाकू नकोस उगाच."

चमचा भलताच कामी आला. तो नाकावरून जरा मागे नेला की उनोची मान वर जाई आणि बूड आपोआप खाली टेके. टेकलं की चाटायला मिळे. "बस" तीन दिवसांत जमलं. "थांब" जमायला मात्र महिना गेला.

एप्रिलपर्यंत उनो दाराला पंजा लावून बाहेर जायचं सांगू लागला. पाऊस असला की तो अजूनही ऐकत नाही, घरातच उरकतो. व्हर्ना आता ओरडत नाही. फडकं घेते, पुसते आणि पुढच्या वेळी जरा लवकर घड्याळ बघते.