बैल दोन, माणूस एक

आयुष्यात एकच उत्तर मी न अडखळता दिलं, आणि तेच चुकलं.

बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमचं वांग्यांचं आणि मेथीचं रान होतं. विहिरीवर ऑइल इंजिन मिळावं म्हणून मी सरकारात अर्ज केला होता. पाहणीला साहेब आले, तेव्हा मी नवा फेटा बांधून ओट्यावर बसलेलो.

"घरात काम करणारी माणसं किती?"

"एक. मी."

"आणि पत्नी?"

"ती काय करती? घरीच असती."

ती तेव्हा आत साहेबांसाठीच पिठलं हाटत होती.

"बैल?"

"दोन."

साहेबांनी तेही लिहिलं आणि पेन बंद केलं. "मग अवघड आहे. कामाची दोन तरी माणसं असल्याशिवाय इंजिन देत नाहीत. एकट्याला झेपत नाही."

नवा फेटा एकदम जड झाला. उन्हाळा तोंडावर होता, मोटेनं निम्मंही रान भिजत नव्हतं. इंजिन नाही म्हणजे वांगी वाळणार. मी तिथंच कोलांटी मारली.

"साहेब, दोन माणसं लिवा. मी मोट हाकतो तवा वाफ्यात पानी तीच धरती."

"तो हातभार झाला."

"वांगी तोडती, मेथीच्या जुड्या बांधती."

"हातभारच."

"म्हशीची धार, शेणघाण, बी राखंत घालून ठिवणं..." बी कुठल्या गाडग्यात असतं हे मला आजही ठाऊक नाही, पण आवाज मी चढवला होता.

"ते घरकाम. त्याला रकाना नाही."

"मग बैल कसं लिवलं? त्येबी हातभारच लावत्यात की!"

साहेब पोटभर हसले. पोटभर जेवलेही, पिठलं दोनदा मागून घेतलं. कागद मात्र होता तसाच पिशवीत गेला.

ते गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन उभा राहिलो. "अगं, दोन माणसं लिवा म्हणालो मी त्यास्नी."

"ऐकलं. त्याच्या आदी तुमी काय म्हणाला, त्येबी ऐकलं."

तिनं जळतं लाकूड मागं ओढलं.

"आता तोंड पाडून बसू नगा. इंजिन आलं असतं, तरी त्यात तेल मलाच घालावं लागलं असतं. आन् तुमच्या सायबानं त्येबी घरकामातच धरलं असतं."