दोन हजार फुटांचा नियम

"ताईची गादी आज भरून पायजे. कापूस पार दबला," विमानाचा मिस्त्री म्हणाला.

"काहून? मांगच्या महिन्यात तं भरली," चौकीदाराची बायको म्हणाली.

"रोज बसते ना ते त्याच्यावर. खाली खाली जाऊन राहिली अन् तिले समोरचं काई दिसत नाई. चार ओंजळी टाक अन् टाके घाल."

"एवढीशी तं पोरगी. इतका कसा दाबते मंग कापूस?"

दोघंही हसली. मी पत्र्याच्या शेडच्या पलीकडे सावलीत बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. त्या धावपट्टीवर ताई म्हणावं अशी मी एकटीच होते. पण विमानात माझ्या जागेवर गादी नव्हती. माझ्या जागेवर पॅराशूट होतं.

ही साठ सालानंतरची, अकोल्याची गोष्ट आहे. बाहेरगावच्या एका क्लबचं जुनं, दोन माणसांचं विमान हिवाळ्यात तीन महिने तिथे येऊन राहत असे. बाबा ओव्हरसिअर होते आणि धावपट्टीची डागडुजी त्यांच्याकडे होती. त्यामुळे क्लबच्या शिक्षकांशी त्यांची ओळख झाली आणि एक दिवस ते मला विमान शिकायला घेऊन गेले. मी एकोणीस वर्षांची होते. सगळं शिक्षण अमरावतीला मावशीकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. मी फारसं बोलत नसे आणि बोलले तर शिक्षकांशी इंग्रजीत. मला वऱ्हाडी कळत नाही अशी मिस्त्रीची समजूत होती. माझी आई अकोटची आहे हे त्याला कोण सांगणार? समजूत काढून टाकण्याची मलाही घाई नव्हती. गप्प बसणाऱ्या माणसाला बरंच ऐकायला मिळतं.

शिक्षकांना सगळे कॅप्टन म्हणत. सैन्यातून निवृत्त झालेले, पुण्याकडचे. ते पुढे बसत, मी मागे, आणि बोलायला मध्ये एक रबरी नळी. सीट म्हणजे पत्र्याचं खोल घमेलंच. त्यात पॅराशूटची जाड पिशवी बसवलेली असे आणि तिच्यावर आपण बसायचं. मग दोन प्रकारचे पट्टे. एका प्रकारच्या पट्ट्यांनी ती पिशवी आपल्या अंगाला बांधलेली, दुसऱ्यांनी आपण विमानाला बांधलेले. संकटात विमानाचे पट्टे सोडायचे, पिशवीचे नाही.

विमानात चढण्याआधी कॅप्टन रोज माझ्याकडून नियम म्हणवून घेत. इंजिन बंद पडलं तर उडी मारायची नाही, शेत शोधून उतरायचं. आग लागली, पंख तुटला किंवा विमान गिरकीतून, म्हणजे गरगरत खाली जाण्यातून, बाहेरच येईना, तरच उडी. गिरकी असेल तर अडीच हजार फुटांवर विमानाचे पट्टे सोडून तयार राहायचं. दोन हजारावर उंचीचा काटा आला की विचार बंद, बाहेर. "वर विचार करायला वेळ नसतो," ते म्हणत. "निर्णय इथे, जमिनीवर घ्यायचा. वर फक्त काटा वाचायचा."

एकदा मी "साधारण दोन हजार" म्हणाले. त्यांनी मला थांबवलं, सगळं पहिल्यापासून म्हणायला लावलं. साधारण चालत नाही, म्हणाले.

मला हा नियम फार आवडला होता. घरात आणि कॉलेजात मी कुठल्याच गोष्टीचा निर्णय पटकन घेऊ शकत नसे. कुणी दुकानात दोन रंगांच्या साड्या पुढे ठेवल्या तरी मला घाम फुटे. इथे कुणीतरी एक आकडा दिला होता आणि तो माझ्या हातात होता.

नाड्या बांधून मी उठले. चौकीदाराची बायको सुई-दोरा आणायला आपल्या खोलीकडे गेली होती. पिशवी विमानाच्या पंखाखाली सतरंजीवर पडली होती. पट्टे सगळे जागच्या जागी, ओढायची कडी चकचकीत. एका बाजूची शिवण वीतभर उसवलेली. मी दोन बोटं आत घातली. हाताला सरकी लागली. न पिंजलेला, सरकीसकटचा कापूस. मी आणखी आत हात घातला. खालपर्यंत तेच होतं.

"मिस्त्री," मी म्हणाले, "यातलं पॅराशूट कुठे आहे?"

मी मराठीत बोलले याचंच त्याला आधी नवल वाटलं. मग तो पाना पुसत जवळ आला.

"ते तं दिवाळीआधीच गेलं, ताई. दोन्ही गेले. तपासनीची तारीख उलटली होती, धाडून देल्ले. वापस आलेच नाई. तुमाले माईत नोतं?"

"नाही," मी म्हणाले.

"असं कसं?" तो खरंच गोंधळला. "तुमच्या बाबाले माईत हाय ना. कापूस त्याइनंच तं पाठवला. तुमच्या मामाच्या वावरातला, अकोटचा. चांगला लांब धाग्याचा हाय."

शेवटचं वाक्य तो मला बरं वाटावं म्हणून बोलला. मी थँक्यू म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक, शाळेची सवय.

मग मला आठ दिवसांपूर्वीची सकाळ आठवली आणि मी सतरंजीवर बसून घेतलं.

त्या दिवशी आम्ही चार हजार फुटांवर गिरकी शिकत होतो. कॅप्टननी विमान गिरकीत घातलं आणि नळीतून म्हणाले, "आता तू काढ." मी शिकवल्याप्रमाणे उलटा पाय दाबला, दांडा पुढे ढकलला. विमान ऐकेना. खाली काळी शेतं, मध्ये एक विहीर, पुन्हा शेतं, पुन्हा विहीर. तीन हजारावर ते म्हणाले, "सोड, मी घेतो." मी हातपाय सोडले आणि काट्याकडे बघत राहिले. अडीच हजाराला मी विमानाच्या पट्ट्यांची खीळ काढली. चारही पट्टे बाजूला पडले. उजवा हात उघड्या कॉकपिटच्या कडेवर ठेवला, डावा पॅराशूटच्या कडीवर. मला भीती वाटत नव्हती. माझा निर्णय झालेला होता. चोवीसशे. तेवीसशे. बावीसशेला गिरकी थांबली, विमानाचं नाक हळूहळू वर आलं. मी पट्टे पुन्हा बांधले. कॅप्टनचं डोकं पुढे होतं, त्यांनी काही पाहिलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. खाली उतरल्यावर ते म्हणाले, "जरा लांबलं आज."

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "भीती वाटली का?" मी नाही म्हणाले. "शाबास," ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

शेडमध्ये कॅप्टन वहीत काहीतरी लिहीत होते. मी पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी उसवलेल्या शिवणीकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. चिडले नाहीत. लाजलेही नाहीत.

"मीसुद्धा कापसावरच बसतो," ते इंग्रजीत म्हणाले. "माझी पिशवी उघडून बघ."

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"नियम पाठ असलेला बरा. पॅराशूट परत आली की उपयोगी पडेल. आणि मी असताना तुला कधी उडी मारावी लागली नसती."

म्हणजे त्या सकाळी एकाच विमानात आम्ही दोन वेगळे नियम घेऊन बसलो होतो. त्यांचा नियम होता, जमिनीला टेकेपर्यंत विमान सोडायचं नाही. तो बरोबर होता, कारण त्यांच्याखाली काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. माझा नियम त्यांनीच मला दिला होता, रोज तपासला होता, आणि तो मला ठार मारणारा होता.

दुपारी बाबा जीपमधून आले. दोन दिवसांनी मी पहिल्यांदा एकटी उडणार होते, त्यासाठी धावपट्टीवर पाणी मारून घ्यायचं होतं. अकोल्यातल्या ऑफिसातल्या आणि अकोटला मामांकडच्या सगळ्यांना त्यांनी ते पाहायला बोलावून ठेवलं होतं. कॅप्टन त्यांना बाजूला घेऊन काही बोलले. मग बाबा माझ्याकडे आले. माझ्याशी ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत. तो माझ्या शाळेला दिलेला मान होता.

"तुला सांगितलं असतं तर तू विमानात बसली असतीस का?"

बसले असते. हेच तर त्यांना समजत नव्हतं. बसले असते आणि दोन हजाराचा आकडा डोक्यातून पुसून टाकला असता.

"तुझ्या आईने जाऊ दिलं नसतं," ते म्हणाले. "मग ही संधी गेली असती. आपल्या घरातल्या पोरीला परत कोण विमान देणार? मी तुझ्यासाठीच केलं."

मिस्त्री विमानापाशी उगाच काहीतरी पुसत होता. कॅप्टन शेडच्या दारात उभे होते.

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" बाबा म्हणाले. मी गप्पच होते. त्यांना माझं गप्प बसणं ठाऊक होतं, आजवर ते त्याला होकारच समजत आले होते. आताही तसंच समजले असावेत, कारण त्यांचा चेहरा सैल झाला. माझ्या खांद्यावर थोपटत ते हसले आणि बोलता बोलता त्यांची पुस्तकी भाषा सुटली.

"अवं, झालं का काई? नाई ना? कावून एवढं मनाले लावून घेऊन राहिली? तू काय उडी मारणार होती थोडीच."

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला.

"मारणार होते, बाबा," मी म्हणाले. "पट्टे सोडून बसले होते. दोनशे फूट राहिले होते."