नन्सच्या कुरणातला उंबरठा

वैजयंती नाशिकहून इतिहासात बी.ए. करून लग्नानंतर नॉटिंगहॅमजवळच्या एका खेड्यात आली, आणि इतिहास तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतच भेटला. मागच्या कुरणातले ते उंचवटे म्हणजे नन्सचा जुना मठ, असं शेजारच्या ग्लेनिसने सांगितलं आणि बाई झपाटल्याच. आठशे वर्षांपूर्वी एका विधवा जमीनदारणीने हे रान नन्सना दिलं होतं. त्यांनी मेंढ्या पाळल्या, ओढ्यावर गिरणी बसवली, उपवासासाठी तळ्यात मासे सोडले. पुढे आठव्या हेन्रीने मठ मोडले आणि गावाने दगड घरी नेले. ग्लेनिसच्या बाथरूमची भिंतसुद्धा त्यातलीच. तळ्याचा खळगा, गिरणीचा पाट, मेंढ्यांची वाट, सगळं वैजयंतीने पायी हिंडून पाहिलं; लेक सोनल तेव्हा बाबागाडीत असायची.

१९९१च्या उन्हाळ्यात त्या कुरणावर घरं बांधायचं ठरलं. गावच्या इतिहास मंडळाला खणायला थोडे दिवस मिळाले. मठाचं चर्च सापडलं तरच कौन्सिल बांधकाम थांबवणार होतं. नाहीतर सोमवारी मशीन येणार. मंडळाची प्रमुख ग्लेनिस म्हणायची, चर्च हमरस्त्याखाली गेलं, हा नुसता मेंढ्यांचा गोठा. वैजयंतीचं ठाम मत होतं की चर्च इथंच. म्हणून त्या खड्ड्यात उतरताना ती दर वेळी चिखलातले रबरी वेलिंग्टन बूट काठावर काढून ठेवायची. देवाच्या दारात पायताण घालून कोण जातं?

"मेंढ्यांना नमस्कार झाला?" ग्लेनिस विचारायची.

"झाला. आता तुला करते."

सोनल आता चौदा वर्षांची होती, मराठी तिचं तोडकंमोडकं. "आई, एव्हरीवन बघतंय. तुझा मोजे ओला झाला, आणि सर्दीचं मला सांगते."

"माझे मोजे राहू देत. तू आधी काठावरून मागे हो, माती ढासळते तिथली."

रविवारी संध्याकाळी कौन्सिलचा अधिकारी यायचा होता. दुपार कलली तरी हाती काही नव्हतं. खड्ड्याच्या टोकाला एक लांब दगड होता, गटारावरचं झाकण समजून सोडून दिलेला. बादली घेऊन त्यावरून जाताना वैजयंतीचा पाय चिखलात रुतला आणि तळव्याला दगड लागला, गुळगुळीत, वाटीसारखा खोलगट. दुसरं पाऊल तिने मुद्दाम कडेला टाकलं. तिथे तो उंच आणि खरबरीत होता.

"ग्लेनिस, हा उंबरठा आहे."

"गोठ्यालाही दार असतं, डिअर."

"मेंढ्या लोंढ्याने घुसतात, त्यांनी कडाही झिजवल्या असत्या. हा फक्त मधोमध झिजलाय. एकामागून एक माणसं गेलीत इथून, रांगेने, वर्षानुवर्षं."

ग्लेनिसचं हसू मावळलं. ती गुडघ्यांवर बसली. दोघी उंबरठ्याच्या आत खणू लागल्या. आधी चिखल, मग आणखी चिखल, मग हिरवी चमक. झिलईची फरशी. तिच्या शेजारी दुसरी, पिवळ्या फुलाची. आणि त्यांच्या पलीकडे कोरीव क्रूस असलेली सपाट शिळा. कुणाची तरी कबर. गोठ्यात कोणी कुणाला पुरत नाही.

अधिकारी आला तो त्या शिळेपाशी उकिडवा बसला आणि क्रुसावरची माती बोटाने काढू लागला.

"मशीनवाल्याला आजच फोन करतो," तो म्हणाला. "इथे कोणी काही बांधणार नाही."

ती कुरणातून घराकडे पळत सुटली. हरीश, तिचे यजमान, हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होते. फोनवर आधी तिला धापच लागली.

"अहो, आपलं रान वाचलं."

"आपलं?" हरीश हसले.

"आपलंच. आणि येताना ब्रेड आणा, सगळं मंडळ चहाला येतंय."